आवृत्ती कोणती?

पायथन ही आजची एक फार वापरातली संगणकभाषा. तिला ‘लहरीपुरा’ हा शब्द दिला आणि ‘यातले शब्द वेगळे काढ’ असे तिच्या अंगभूत साधनाला सांगितले, तर ते आपल्या हाती तीन तुकडे ठेवते : लहर, प आणि र. वेलांटी, उकार आणि काना यांना ते अक्षर मानत नाही. असे चिन्ह आले की शब्द संपला असे समजते. मी राहतो ते घर लहरीपुरा दरवाज्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. दरवाज्याचे हे तीन तुकडे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला हसू आले, आणि लगेच काळजीही वाटली. काळजी आजोबांच्या रोजनिशीची होती.

आजोबा बडोदे सरकारच्या मुलकी खात्यात कारकून होते. १९३१ पासून पुढे बावीस वर्षे त्यांनी रोजनिशी लिहिली, आणि तिच्या सात वह्या आमच्याकडे आहेत. १९३१ हेच साल ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’चे, म्हणजे राज्यकारभारातील शब्दांना आठ भाषांतले प्रतिशब्द देणाऱ्या कोशाचे. पहिल्या वह्यांत आजोबांची मराठी तशीच कचेरीतली, इस्त्री केलेली आहे. पुढे ती हळूहळू बडोद्याची होत जाते. ‘खिडकी’ची ‘बारी’ होते, ‘पुस्तका’ची ‘चोपडी’ होते. हा बदल केव्हा आणि किती झाला ते मोजता आले, तर एका मराठी घराचा गुजरातेतला प्रवासच हाती येईल, असे वाटून २०२० च्या टाळेबंदीत आम्ही घरातल्या सगळ्यांनी मिळून त्या वह्या संगणकावर उतरवल्या. पुण्याच्या माझ्या भाचीने पायथनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला. कोणता शब्द कोणत्या वर्षी किती वेळा आला, एकूण अक्षरे किती, हे तो तक्त्यात मांडून देई. मार्च २०२१ मध्ये ते आकडे घालून आम्ही एक पुस्तिका काढली आणि नातेवाइकांत वाटली.

२०२४ च्या दिवाळीत न्यू जर्सीहून आलेल्या माझ्या चुलत वहिनींनी सामानातून आठवी वही काढली. त्यांच्या सासूबाईंच्या ट्रंकेत ती राहून गेली होती. १९३९ ते १९४१ या तीन वर्षांची वही, म्हणजे नेमकी मधली गळलेली वर्षे. ती उतरवून झाली, आम्ही भाचीचा प्रोग्राम नव्या लॅपटॉपवर चालवायला घेतला, आणि तो चालेना.

कागदावर मांडलेला हिशेब तीन वर्षांनी आपोआप चुकत नाही. भाचीच्या लिखाणातले एक अक्षरही बदलले नव्हते. मग बिघडले काय? बदलले होते ते त्या लिखाणाच्या खालचे.

भाचीचा प्रोग्राम जेमतेम दोनशे ओळींचा. मराठी शब्द नीट तोडण्याचे काम तिने स्वतः केले नव्हते. त्यासाठी दुसऱ्या कोणी लिहून सर्वांसाठी खुले ठेवलेले ‘रेजेक्स’ नावाचे साधन घेतले होते. ते काना-मात्रांना शब्दाचाच भाग मानते, म्हणून त्याच्या हाती लहरीपुरा सुखरूप राहतो. तक्ते मांडण्यासाठी तिने ‘पँडाज’ घेतले. पँडाज स्वतः आकडेमोडीसाठी ‘नमपाय’वर टेकलेले आहे. अशा तयार साधनाला पॅकेज म्हणतात, आणि एकाचे दुसऱ्यावर टेकणे म्हणजे डिपेंडन्सी. ‘अवलंबित्व’ हा प्रतिशब्द फायलीत शोभेल. मी आपला ‘टेकू’ म्हणतो. जुन्या वाड्यात राहिलेल्या माणसाला टेकू म्हणजे काय, आणि तो कोणी हलवला तर काय होते, हे समजावून सांगावे लागत नाही.

पायथनची अशी पॅकेजे जिथे ठेवलेली असतात ते सार्वजनिक भांडार २००३ पासून चालू आहे. त्याला ‘पायपीआय’ म्हणतात. आज तिथे पाच लाखांहून अधिक प्रकल्प आहेत. तिथून हवे ते पॅकेज उतरवून घेण्याचे काम ‘पिप’ नावाचा हरकाम्या करतो. ‘पिप, पँडाज आण’ म्हटले की तो पँडाज आणतो, पँडाजला लागते म्हणून नमपाय आणतो, आणखी दोनचार किरकोळ वस्तू आणतो. मात्र कितवी आवृत्ती ते सांगितले नाही, तर चालण्याजोगी सर्वांत ताजी आणतो. आमची गोम इथेच होती.

पॅकेजांच्या आवृत्त्यांना बहुधा तीन भागांचा क्रमांक असतो : १.५.३ असा. शेवटचा आकडा वाढला तर चुका दुरुस्त झाल्या, मधला वाढला तर नवी भर पडली, आणि पहिला वाढला तर जुन्या सवयी मोडतील, तयारीत राहा, असा साधारण संकेत. संकेतच, कायदा नव्हे. पँडाजच्या कर्त्यांनी तक्त्याला नवी ओळ जोडण्याची ‘अपेंड’ ही जुनी रीत जानेवारी २०२२ मध्ये १.४ या आवृत्तीत ‘ही आता जाणार’ म्हणून जाहीर केली, आणि एप्रिल २०२३ मध्ये २.० आली तेव्हा काढून टाकली. भाचीचा प्रोग्राम २०२१ चा. त्यात ‘अपेंड’ जागोजागी. नव्या लॅपटॉपवर पिपने ताजे पँडाज आणले, आणि प्रोग्रामने पहिल्याच वहीवर ‘अपेंड नावाची गोष्ट इथे नाही’ असे सांगून अंग टाकले. पँडाजवाल्यांना दोष देता येत नाही. त्यांनी सव्वा वर्ष आधी नोटीस दिली होती. ती वाचायला आमच्या घरी कोणी नव्हते, इतकेच.

शेजारची मुलगी इथल्याच एका महाविद्यालयात संगणक शिकते. मदतीला ती आली. तिने सुचवले, जुने पँडाज आणू. १.५.३ आणले, त्यात ‘अपेंड’ अजून होते. पण पिपला पँडाजची आवृत्ती सांगितली होती, नमपायची नाही. नमपायची २.० ही मोठी आवृत्ती जून २०२४ मध्ये आली होती, आणि पिपने तिच्याच पिढीतले नमपाय आणून ठेवले. जुने पँडाज जुन्या नमपायच्या मापाने बांधलेले. नव्या नमपायच्या आतली मापे बदललेली. लगेच दुसरी तांबडी ओळ, मापे जुळत नाहीत म्हणून. टेकूच्या खालचा टेकू, तो असा. नमपायही जुने, १.२६ च्या पिढीतले, आणले तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली.

आणि तेवढ्यात त्या मुलीचाच चेहरा उतरला. आमचा लॅपटॉप तीही वापरत होती. तिचा महाविद्यालयातला प्रकल्प त्याच यंत्रावर होता आणि तो नव्या पँडाजवर उभा होता. आमचा टेकू बसवताना आम्ही तिचा काढून घेतला होता. आठवड्याने तिला तो प्रकल्प दाखवायचा होता. आजोबांची आठवी वही वाचवायची की शेजारच्या पोरीचे गुण, असा पेच आमच्या ओट्यावर येऊन बसला.

या पेचावरचे उत्तर पायथनमध्ये बरेच आधी निघालेले आहे. इयन बिकिंग या प्रोग्रामरने २००७ मध्ये ‘व्हर्च्युअलएन्व्ह’ नावाचे साधन लिहिले (पिपही मूळचे त्याचेच, २००८ मधले). सप्टेंबर २०१२ मध्ये पायथनची ३.३ ही आवृत्ती आली तेव्हा तीच कल्पना ‘व्हीएन्व्ह’ या आटोपशीर नावाने भाषेतच सामावली गेली. ‘आभासी वातावरण’ असे तिचे भाषांतर मी वाचले आहे, आणि ते वाचून काही कळत नाही. मराठीत याला नेमका वाक्प्रचार आहे : वेगळी चूल मांडणे. घर तेच, जिना तोच, नळ तोच. चूल मात्र ज्याची त्याची, आणि तिच्याजवळची फळीही. एका फळीवर जुने पँडाज, दुसऱ्या फळीवर नवे. माणसांत वेगळी चूल मांडली की मने दुखावतात. इथे तसे काही नाही, उलट दोघांचा संसार सुरळीत चालतो.

यात जादू फारशी नाही, म्हणून आत काय होते ते सांगून टाकतो. आपल्या कामाच्या फोल्डरमध्ये उभे राहून पायथनला ‘व्हीएन्व्ह चालव आणि अमुक नावाने चूल मांड’ अशी एका ओळीची आज्ञा द्यायची. एक नवा फोल्डर तयार होतो. त्यात मूळ पायथनकडे बोट दाखवणारी एक लहानशी नोंद-फाइल असते, पायथनची एक प्रत किंवा नुसता दुवा असतो, आणि ‘साइट-पॅकेजेस’ नावाची फळी असते; ती बहुतेक रिकामी. मग ती चूल ‘चालू’ करायची. चालू करणे म्हणजे एवढेच, की संगणक एखादी आज्ञा ज्या ज्या जागी शोधत जातो, त्या जागांच्या यादीत आपला फोल्डर सर्वांत पुढे बसवणे. त्यानंतर ‘पायथन’ म्हटले की या फोल्डरातला पायथन उठतो, आणि पिप जे आणील ते याच फळीवर ठेवतो. शेजारच्या चुलीला त्याचा पत्ताही लागत नाही. कंटाळा आला, बिघडले, तर फोल्डर सरळ पुसून टाकायचा आणि नवा मांडायचा. कोणाचे काही जात नाही.

आम्ही त्या रात्री दोन चुली मांडल्या. मुलीचा प्रकल्प चालू लागला. उबंटू किंवा डेबियन वापरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे : त्यांच्या २०२३ पासूनच्या आवृत्त्या मूळ पायथनच्या फळीवर पिपला काही ठेवूच देत नाहीत, कारण यंत्रणेची स्वतःची कामेही त्याच पायथनवर चालतात. तेव्हा वेगळी चूल मांडा, असे त्या स्पष्ट बजावतात. त्यावर मात करणारी एक पळवाट ठेवलेली आहे. तिचे इंग्रजी नावच ‘यंत्रणेची पॅकेजे मोडून टाक’ अशा अर्थाचे आहे. इतके सरळ नाव वाचूनही लोक ती वापरतात, याला काय म्हणावे!

इथपर्यंतचे ऐकून आपल्याला वाटेल की प्रश्न सुटला. मलाही वाटले. आठही वह्यांवरून प्रोग्राम निमूट फिरला, तक्ते आले. सहज म्हणून मी पहिल्या सात वह्यांची बेरीज पुस्तिकेशी ताडून पाहिली. शब्दांची संख्या जुळली. अक्षरांची जुळेना. नवी संख्या जुन्यापेक्षा बरीच कमी होती, आणि यावेळी तांबडी ओळ नव्हती, तक्रार नव्हती. प्रोग्राम अगदी आत्मविश्वासाने वेगळे उत्तर देत होता. तेवढ्यात वहिनींचाही न्यू जर्सीहून निरोप आला. त्यांच्या मुलाने तिथे जुन्या संगणकावर तोच प्रोग्राम चालवला होता आणि त्याला पुस्तिकेतलाच आकडा मिळाला होता. आमच्याकडे टंकताना पाने गळली असणार, असा त्यांचा स्वच्छ अभिप्राय. बोलण्यात थोडा ताणही आला. टंकलेखन माझ्या धाकट्या बहिणीने केले होते.

चालेनासा झालेला प्रोग्राम परवडतो. तो निदान सांगतो. न सांगता उत्तर बदलणारा प्रोग्राम घरात भांडणे लावतो.

उलगडा ‘लक्ष्मी’ या शब्दाने झाला. आपण मराठी माणसे यात दोन अक्षरे मोजतो : ल आणि क्ष्मी. वहिनींच्या मुलाकडचे रेजेक्स ४ मोजत होते : ल, क्, ष्, मी. आमच्याकडचे २. जगातल्या सर्व लिप्यांची वर्णव्यवस्था युनिकोड या मानकात ठरते, आणि ‘वाचकाच्या दृष्टीने एक अक्षर कुठे संपते’ याचेही नियम त्यातच असतात. बराच काळ त्या नियमांनुसार हलन्तापाशी अक्षर तुटत असे. सप्टेंबर २०२३ मधल्या युनिकोड १५.१ ने नियम सुधारला. देवनागरी, गुजराती, बंगाली अशा काही लिप्यांतली जोडाक्षरे आता एकसंध मानली जातात. रेजेक्सने नवा नियम घेतला. ज्यांच्याकडे जुने रेजेक्स होते त्यांचा जुनाच नियम चालू राहिला. म्हणजे बहिणीची पाने गळली नव्हती. वहिनींच्या मुलाचीही चूक नव्हती. दोघे दोन आवृत्त्या वाचत होते. आणि आमच्या पुस्तिकेतला छापील आकडा, मराठी कानाने ऐकले तर, चूक होता.

या ठिकाणी मला आपल्या प्राच्यविद्यामंदिराची आठवण येते. तिथे वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. १९६० ते १९७५ या काळात तिचे सात खंड निघाले. त्यातला कोणताही खंड उघडा. वर स्वीकारलेला पाठ, खाली पाठभेद, आणि प्रत्येक पाठभेदापुढे तो कोणत्या हस्तलिखितात मिळतो त्याची खूण. त्या खुणांची यादी, कोणती पोथी, कुठली, केव्हाची, हे सारे सांगितलेले. संपादकाचा निर्णय कोणाला पटो न पटो, तो कशावर टेकला आहे ते वाचकाला तपासता येते. पोथ्यांच्या नावांशिवाय नुसता पाठ छापला असता तर त्याला कोणी चिकित्सक म्हटले नसते. आम्ही मात्र पुस्तिकेत आकडे छापले, पोथ्यांची नावे दिलीच नाहीत. ज्या भाषेत ‘आवृत्ती’ हा एकच शब्द पुस्तकालाही चालतो आणि पॅकेजलाही, त्या भाषेतल्या माणसांना हे सुचायला हवे होते.

वेगळी चूल मांडणे हे काम अर्धेच. उरलेले अर्धे म्हणजे फळीवर काय काय आणि कितव्या आवृत्तीचे आहे ते लिहून ठेवणे. त्याची सोयही पिपमध्ये आहे. ‘पिप फ्रीझ’ म्हटले की तो फळीवरच्या प्रत्येक पॅकेजचे नाव, पुढे दोन बरोबर-चिन्हे आणि आवृत्तीचा क्रमांक, अशी एकेका ओळीची यादी देतो. ती ‘रिक्वायरमेंट्स’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवायची, असा रिवाज आहे. उद्या दुसऱ्या संगणकावर रिकामी चूल मांडली, ही यादी पिपच्या हाती दिली, की फळी पुन्हा तशीच भरते.

एक चूक सगळेच करतात, मीही केली. चुलीचा तो फोल्डरच पेनड्राइव्हवर घालून दुसऱ्या यंत्रावर नेला. तो चालत नाही. त्याच्या आतल्या फाइलींत आपल्या यंत्रावरचे पूर्ण पत्ते लिहिलेले असतात, आणि ज्या मूळ पायथनकडे तो बोट दाखवतो तो पायथन दुसऱ्या यंत्रावर त्या जागी नसतो. चूल उचलून नेता येत नाही; यादी नेता येते. जपून ठेवायची वस्तू यादी आहे.

यादीचेही दोन प्रकार असतात, आणि हा फरक कामाचा आहे. भाचीला विचारले, तर ती म्हणेल, ‘मला रेजेक्स आणि पँडाज लागते.’ ही तिची गरज. फळीवर मात्र त्यांच्याबरोबर नमपाय आणि इतर चारपाच वस्तू येऊन बसलेल्या, त्यांची नावेही तिने कधी ऐकली नसतील. गरजांची यादी दोन ओळींची, फळीवरची यादी आठ ओळींची. पहिली वाचून माणसाला काम समजते. दुसरीवरून काम जसेच्या तसे उभे करता येते. दुसरीला ‘लॉक’ फाइल म्हणतात. २०२४ मध्ये आलेले ‘यूव्ही’ नावाचे चपळ साधन या दोन्ही याद्या आपणहून वेगळ्या ठेवते, आणि लागेल त्या आवृत्तीचे पायथनही आणून देते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्याच्यापासूनच करावी, असे माझे मत झाले आहे. पण घरच्या कामाला पिप आणि व्हीएन्व्ह पुरेसे आहेत. ते पायथनबरोबरच येतात.

आमच्याकडे मार्च २०२१ ची यादी नव्हती. भाचीचा तेव्हाचा लॅपटॉप भंगारात गेलेला. मग आम्ही पोथ्यांचा काळ ठरवतात तसे केले. पायपीआयवर प्रत्येक पॅकेजच्या प्रत्येक आवृत्तीपुढे ती कोणत्या तारखेला आली ते लिहिलेले असते. मार्च २०२१ मध्ये पँडाज १.२ च्या पिढीत होते, नमपाय १.२० च्या. रेजेक्सचे तर सोपे, त्याच्या आवृत्तीचा क्रमांक म्हणजे तारीखच असते. त्या वेळचा पायथन ३.९ उतरवला. कारण व्हीएन्व्ह पायथनची आवृत्ती स्वतः बदलत नाही. ज्या पायथनने चूल मांडली त्याच पायथनची ती राहते. त्या चुलीवर जुना प्रोग्राम चालवला. पुस्तिकेतला आकडा, शेवटच्या अंकापर्यंत, समोर आला. त्या संध्याकाळी बहिणीने न्यू जर्सीला फोन लावला, आणि तो बराच वेळ चालला.

आता काही गोष्टी, ज्या या सगळ्याने साधत नाहीत. वेगळी चूल म्हणजे कुलूपबंद खोली नव्हे. तिच्यातल्या पॅकेजने मनात आणले तर ते आपल्या संगणकावरच्या सगळ्या फाइली वाचू शकते. पायपीआयवर प्रसिद्ध नावांशी मिळतीजुळती नावे घेऊन बसलेली लबाड पॅकेजे अधूनमधून सापडतात, तेव्हा नाव टंकताना डोळे उघडे ठेवावेत. दुसरे, आवृत्त्या गोठवून ठेवल्या की त्यातल्या चुकाही गोठतात. आमची २०२१ ची चूल ‘लक्ष्मी’ची चार अक्षरे कायम मोजत राहील. जुनी आवृत्ती जुने उत्तर पडताळण्यासाठी ठेवावी, आणि नवी मुद्दाम, दिवस ठरवून, दोन्हींची उत्तरे शेजारी ठेवून घ्यावी. आपोआप नको.

तिसरे असे, की भांडारात ठेवलेली वस्तू तिथे राहीलच, हा नुसता विश्वास आहे. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेच्या भांडारातून अझर कोचुलू या प्रोग्रामरने एका नावाच्या वादानंतर आपली सगळी पॅकेजे काढून घेतली. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अकरा ओळींचे एक पॅकेज होते. काम इतकेच, की मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणे. त्याच्यावर दुसरी टेकलेली, त्यांच्यावर तिसरी. जगभरच्या असंख्य प्रकल्पांची बांधणी त्या दिवशी अडली, आणि भांडारवाल्यांना ते पॅकेज स्वतःहून परत ठेवावे लागले. अकरा ओळी! आपल्यापैकी कोणीही दुपारी चहा घेता घेता शिकून लिहील एवढे ते काम. ते स्वतः न लिहिता टेकू घेतला, हा आळस म्हणायचा की शहाणपण, यावर अजून वाद आहे. मला वाटते मराठी शब्द तोडण्यासाठी टेकू घ्यावा, रिकाम्या जागा भरण्यासाठी घेऊ नये.

मराठीच्या बाबतीत हा प्रश्न वाढतच जाणार आहे. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या गटाने २०२२ मध्ये ‘महाएनएलपी’ नावाचे पायथन पॅकेज खुले केले. मराठी वाक्यातला भाव ओळखणे, नावे ओळखणे अशी कामे ते करते. काम मराठीचे, हात मराठी; पण तेही ‘ट्रान्सफॉर्मर्स’सारख्या बाहेरच्या मोठ्या पॅकेजांवर टेकलेले आहे, आणि ती पॅकेजे महिन्यामहिन्याला बदलतात. असे साधन वापरून कोणी दलित आत्मकथनांवर किंवा ओव्यांवर प्रबंध लिहिला, तर त्याच्या परिशिष्टात आवृत्त्यांची यादी आहे का, हे परीक्षकांनी विचारायला हवे. ज्यांना मुळापासून शिकायचे आहे त्यांच्यासाठी मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये पायथनसह अनेक विषयांचे धडे आहेत, आणि त्या मालिकेत मराठी निवेदनाचे धडेही मिळतात. साठी ओलांडलेल्यांनीही बसायला हरकत नाही. मी बसलो होतो.

आपल्यापैकी बऱ्याच घरांत आज असेच काही चालले आहे. कोणी वंशावळ संगणकावर घातली आहे, कोणी आजीच्या पाककृती, कोणी मोडी कागदांची सूची. नातू किंवा भाची सुटीत येऊन एखादा प्रोग्राम करून देते आणि परत जाते. जाण्यापूर्वी तिच्याकडून तीन गोष्टी मागून घ्या, आणि त्या मूळ मजकुराच्याच फोल्डरमध्ये ठेवा : पायथन कितवा ते, फळीवरची पूर्ण यादी, आणि त्या दिवशी प्रोग्रामने दिलेले एक छोटे उत्तर, पुढे ताडून पाहण्यासाठी. शक्य असेल तर त्या यादीचे पान छापूनही ठेवा. आमच्याकडे सात वह्या नव्वद वर्षांनी वाचता आल्या त्या कागदावर होत्या म्हणून. तीन वर्षांचा प्रोग्राम वाचता येईना.

पुस्तिकेची दुसरी आवृत्ती आम्ही यंदा काढली. मुखपृष्ठामागच्या पानावर, जिथे मुद्रकाचे नाव आणि कागदाचा प्रकार असतो, तिथे आठ ओळींची यादी छापली आहे, आणि अक्षरांचे दोन्ही आकडे, जुना आणि नवा, कारणासह दिले आहेत. आठव्या वहीने एक गोष्ट बदलली. ‘बारी’ हा शब्द १९४२ पासून येतो असे आम्ही पहिल्या आवृत्तीत म्हटले होते. तो १९४० च्या पावसाळ्यातल्या एका नोंदीत सापडला. दोन दिवस झड लागली होती, बारीतून पाणी आत आले आणि दफ्तर भिजले, असे आजोबांनी लिहिले आहे.